गोळीचं सोवळं

पैलवानाचं नाव आठवेना.

आंबेकुरणच्या बिरदेवाची जत्रा, चैत्राचं ऊन, गच्च भरलेलं मैदान. लाल मातीत दोन गडी सलामीला उभे आणि माईक माझ्या हातात. एकाचं नाव मी झोकात पुकारलं. दुसऱ्याकडं बघितलं आणि डोक्यात काही म्हणजे काही नाही. मग मी बिरदेवाचं माहात्म्य सांगायला घेतलं. ते संपलं तेव्हा गावच्या जुन्या विहिरीचा इतिहास काढला. दोघं पैलवान मांडीवर थापा मारून मारून कंटाळले. शेवटी हलगीवाल्यानंच हलगी थांबवून ओरडून सांगितलं, "अवो, इलास डोंगळे! इलास!"

सगळं मैदान हसलं. वर आवाजही असा निघत होता, की कर्ण्यातून रेडा बोलतोय असं वाटावं. आणि त्या उन्हात मी बंडीच्या आत स्वेटर घातला होता, कारण मला थंडी वाजत होती.

कोल्हापुरात माझं फेट्यांचं दुकान आहे. पण सर्जेराव साळोख्याला चार जिल्हे ओळखतात ते फेट्यांमुळं नाही, आवाजामुळं. कुठंही कुस्त्यांचं मैदान असो, निवेदनाला मी. माझ्या एका आरोळीवर म्हातारी माणसं उठून उभी राहायची. आणि आंबेकुरणचं मैदान तर माझ्या खास मानाचं, कारण ती माझी सासुरवाडी. जत्रा कमिटीचा अध्यक्ष तातोबा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. दुसऱ्या कुठल्या गावात नाक कापलं गेलं तर माणूस त्या गावाला जायचं सोडतो. सासुरवाडीला कुठं सोडणार?

संध्याकाळी जेवायला बसल्यावर तातोबानं हळूच विषय काढला.

"दाजी, आवाज बसल्यागत वाटला."

"धूळ लई हुती."

"धूळ दरवर्षी असत्या, दाजी." त्यानं माझ्या ताटात आणखी एक पोळी घातली. पोळी वाढत वाढत वाईट बातमी सांगायची ही त्यांच्या घराण्याची रीत आहे. "कमिटीतली पोरं म्हंत्यात, उमाजी सणगरला आणूया. पोरगा नवा हाय, शेरोशायरी करतोय."

"कुस्तीत शेरोशायरी?"

"मी त्यांना थोपवलंय. पुढच्या जत्रंला बघू. आवाज उघडला तर माईक तुमचाच. न्हाईतर मग माझंबी काय चालंना, दाजी."

वर्षाची मुदत मिळाली. मी पोळी गिळली, पण तिला चव नव्हती. तशी त्या दिवसांत कशालाच नव्हती.

आता खरं सांगायचं तर माझ्या बायकोला, शालनला, हे सगळं माझ्या आधी दिसलं होतं. मी दुकानात गिऱ्हाईक फेटा बांधून घेत असताना उभ्या उभ्या पेंगायचो. तोंड सुजलेलं, कातडी कोरडी, बोलायला लागलो की जीभ जड. शालन म्हणाली, "अवो, माझंबी असंच झालं हुतं. एकदा रक्त तपासून घ्या."

"तुझं बायकी दुखणं मला कशाला चिकटवतीस?" मी म्हणालो.

शालनला नऊ वर्षांपासून थायरॉईड होता. रोज सकाळी उठल्या उठल्या ती पाण्याबरोबर एक बारकी गोळी घ्यायची आणि मग अर्धा तास काही नाही. चहा नाही, बिस्कीट नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीशी स्टूल टाकून नुसती बसायची. मी त्याला 'गोळीचं सोवळं' असं नाव ठेवलं होतं. "आमच्यात सकाळी अर्धा तास देऊळ बंद असतंय," हा माझा विनोद मित्रमंडळीत फार चालायचा. मी तो हलगीच्या ठेक्यावर सांगायचो.

असला विनोद नऊ वर्षं सांगितलेला माणूस त्याच दुखण्यासाठी कोल्हापुरातल्या डॉक्टरकडं कसा जाईल? मी फेट्याचं कापड आणायला जातो असं सांगून मिरजेला गेलो. तिथं आठल्ये मॅडम होत्या. त्यांनी रक्त तपासायला लावलं आणि रिपोर्ट समोर धरून म्हणाल्या,

"तुम्हाला थायरॉईड आहे."

"ते बायकांना असतं."

"बायकांना जास्त असतं. पण पुरुषांना व्हायचं नाही, असं त्या ग्रंथीला कुणी सांगितलेलं नाही." त्यांनी रिपोर्टवर बोट ठेवलं. "हा बघा टीएसएच. साधारण चारपर्यंत असावा. तुमचा अठ्ठेचाळीस आहे."

मला हायसं वाटलं. "म्हणजे भरपूर आहे की! मग कमी काय पडलं?"

मॅडमनी चष्मा काढला. "हा आकडा गळ्यातल्या ग्रंथीचा नाही. मेंदूखालून तिला जो हुकूम सुटतो, त्याचा आहे. ग्रंथी काम करत नाही, म्हणून हुकूम वाढत चाललाय. आकडा जितका मोठा, तितकी ग्रंथी सुस्त."

"म्हणजे वस्ताद काठावरनं बोंबलतोय आणि पठ्ठ्या काय मातीतनं उठंना."

"अगदी तसं." त्या हसल्या. मग दुसऱ्या आकड्यावर बोट गेलं. "आणि हे अँटीबॉडीज. शरीराचे राखणदार. रोगाशी लढायचं सोडून ते तुमच्याच ग्रंथीवर हल्ला करतायत."

हे मात्र माझ्या वर्मी लागलं. "आमच्याच तालमीतली पोरं आमच्याच पठ्ठ्याला मारतायत?"

"हो."

"का?"

"ते अजून कुणालाच पुरतं कळलेलं नाही."

"मग मिटवायचं कसं?"

"मिटत नाही. ग्रंथीला जे जमत नाही ते बाहेरून द्यायचं. गोळी. सकाळी उठल्याबरोबर, अनशापोटी, पाण्याबरोबर. नंतर अर्धा तास चहा नाही, कॉफी नाही. रोज, आणि आयुष्यभर. दीड-दोन महिन्यांनी परत रक्त तपासू."

"मी चहा पीतच नाही," मी छाती पुढं काढून सांगितलं. मॅडम खूश झाल्या. असा रुग्ण त्यांना क्वचितच मिळत असणार.

चहा मी पीत नव्हतो हे खरंच होतं. पहाटे उठून रंकाळ्याला एक चक्कर मारायची आणि तिथून थेट दूध कट्ट्यावर जायचं, हा माझा लहानपणापासूनचा नेम. ज्यांनी कोल्हापूर बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं गवळी म्हशीच घेऊन चौकात येतात. तुमच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि तो फेसाळ, कोमट पेला तुमच्या हातात देतात. तापवणं नाही, साखर नाही. मी बंडा गवळ्याचं दूध प्यायचो. बंडाच्या दुधात पाण्याचा थेंब सापडला तर मिशी उतरवीन, अशी त्याची पैज होती, आणि त्याची मिशी कानापर्यंत होती.

गोळीची अडचण अशी, की घरात ती घ्यायची कुठं? माझ्या आधी शालन उठलेली. पाण्याच्या पिंपाशेजारीच तिचं स्टूल. तिच्यासमोर गोळी काढली असती तर नऊ वर्षांचा विनोद माझ्याच अंगावर आला असता. म्हणून मी गोळ्यांचं पाकीट बंडीच्या आतल्या खिशात ठेवलं आणि कट्ट्याचा रस्ता धरला. पोट रिकामं होतं. चहाचा संबंध नव्हता. मित्रांकडं पाठ करून पहिल्या घोटाबरोबर गोळी आत. कुणाला पत्ता लागला नाही. आपल्या हुशारीचं मलाच कौतुक वाटलं.

दोन महिन्यांनी आकडा बावन्न झाला.

"रोज घेता?" मॅडमनी विचारलं.

"बिरदेवाची शपथ."

"अनशापोटी?"

"पाण्याचा थेंबसुद्धा पोटात नसतो."

त्यांनी गोळी वाढवली. पुढच्या खेपेला आकडा आणखी वर. मॅडमनी पुन्हा वाढवली, आणि पुन्हा. दोनशेची गोळी लिहून देताना त्या चिठ्ठीकडं बघतच राहिल्या. "एवढी मी सहसा कुणाला देत नाही. पुढच्या वेळी पोटाच्याही तपासण्या करू. गोळी जाते कुठं तेच कळत नाही," त्या म्हणाल्या. मिरजेच्या बाई. कट्टा त्यांना कुठून ठाऊक असणार?

इकडं कट्ट्यावर माझ्याकडं बघून मंडळींचा जीव तुटत होता. "सर्ज्या, तोंड कसं पिवळं पडलंय लेका. दूध वाढव." मी एकाचे दोन पेले केले. सुस्ती वाढली. दोनाचे तीन केले. बंडा तर माझ्यासाठी शेवटची दाट धार राखून ठेवायला लागला. दुकानात मी फेटा बांधताना मधेच थांबून पुढचा पदर कुठं घ्यायचा याचा विचार करत बसायचो आणि नवरदेव आरशात बघून घाबरायचे. आवाज तर असा झाला होता, की फोनवर "हॅलो" म्हटलं तर समोरचा "काका, दादा हैत काय घरात?" असं विचारायचा.

संक्रांत झाली. जत्रा जवळ येत चालली. मी एकदा रात्रीच्या जेवणानंतर गच्चीवर जाऊन आरोळी मारून बघितली. शेजारचं कुत्रंसुद्धा उठलं नाही. त्या वेळी मला खरोखर रडू आलं. माणसाकडं दाखवण्यासारखं एकच काही असावं आणि तेच जावं, याचं दुःख सांगून कळायचं नाही.

शेवटी मी हिंदुराव वस्तादांना शरण गेलो. वय ऐंशीच्या पुढं, तीन पिढ्यांना कुस्ती शिकवलेली. डॉक्टरकीचं एक अक्षर वाचलेलं नाही, पण निदान करताना कचरणार नाहीत. त्यांनी मला 'बजरंग बली की जय' म्हणायला लावलं. मी म्हटलं.

"कफ हाय," वस्ताद म्हणाले. "गळ्यात लोण्यागत बसलाय. दूध बंद कर."

कट्ट्यावर ही बातमी फुटली तेव्हा लोकांना गावात कुणी गेल्यासारखं वाटलं. "दूध बंद? कोल्हापुरात ऱ्हाऊन?" एक जण म्हणाला, "त्यापरीस गाव सोड की." बंडानं तर मनाला लावून घेतलं. माझ्या म्हशीत काय खोट काढलीस ते सांग, असं तो दोनदा घरी येऊन विचारून गेला. पण प्रश्न माईकचा होता. मी दूध सोडलं आणि वस्तादांनी दिलेला अडुळशाचा काढा दुपारी घ्यायला लागलो. कट्ट्यावर जायचं कारणच उरलं नाही, म्हणून सकाळची गोळी रंकाळ्याच्या नळावर ओंजळभर पाण्याबरोबर गिळू लागलो.

आणि काय सांगू! हळूहळू डोळ्यांवरची झापड गेली. स्वेटर उतरला. तोंडाची सूज उतरली. एके दिवशी दुकानात मी सहज गिऱ्हाइकाला हाक मारली तर समोरच्या फुटपाथवरचे तिघं वळले. आवाज उघडला होता! वस्तादांच्या काढ्याचा गवगवा असा झाला, की भजनी मंडळं रांग लावू लागली आणि आमच्या भागात अडुळशाला पान म्हणून राहिलं नाही.

मिरजेला जायची तारीख आली आणि गेली. आवाज आलाय, आता रक्त कशाला, असा विचार मी केला. गोळी मात्र इमानानं घेत होतो. तब्येत सुधारली की डॉक्टर बंद करायचा आणि गोळी चालू ठेवायची, असं काहीतरी माझं शास्त्र होतं.

पुढं पुढं सुधारणा जरा अतीच व्हायला लागली. झोप उडाली. पहाटे उठून मी सगळं दुकान झाडून काढायचो. फेटा बांधताना हात थरथरायचे, पण काम पूर्वीपेक्षा दुप्पट वेगानं व्हायचं. कपडे सैल झाले. बसल्या बसल्या छातीत हलगी वाजायची. शालन म्हणाली, "अवो, जरा दम खावा. एक वाक्य संपायच्या आधीच दुसरं सुरू करताय. आन घाम किती येतोय!"

"उत्साह आहे," मी म्हणालो. "तुला बघवंना व्हय?"

 

जत्रेचा दिवस उजाडला. शालन आदल्या दिवशीच माहेरी पोचली होती. मैदानाला लागूनच तातोबाचं घर आहे आणि गावातल्या बाया दरवर्षी त्याच्या गच्चीवरून कुस्त्या बघतात. कमिटीच्या खुर्च्यांवर एका कडेला उमाजी सणगर बसलेला. डोळ्यांवर गॉगल, खिशात चिठ्ठ्या. माझं काही चुकलं तर हाताशी असावा म्हणून त्याला बोलावला होता, हे कुणी मला सांगायची गरज नव्हती.

मी माईक घेतला आणि पहिली आरोळी ठोकली. मैदान उठून उभं राहिलं. तातोबानं दुरूनच हात जोडले. उमाजीनं गॉगल काढला.

दुपारभर मी असा बोललो, की तसा ना आधी कधी बोललो ना पुढं कधी बोलेन. नावं, गावं, वस्ताद, वस्तादांचे वस्ताद, सगळं तोंडपाठ. फक्त वेग आवरत नव्हता. मातीतला डाव पडायच्या आधी माझ्या तोंडात पडलेला असायचा. लोकांना मजा वाटली. मग एक नंबरची जोड लागली. एकीकडं तोच विलास डोंगळे, गेल्या वर्षीचा, आणि समोर सोलापूरकडचा एक धिप्पाड गडी. हलगीचा ठेका चढला. दोघं सलामीसाठी हात पुढं करतात न करतात तोवर माझी जीभ सुटली. "आला आला, विलासनं पट काढला, घिस्सा बसला, मानेवर पकड, सोलापूर खाली, विलास वर, आणि चीत! चीत! चीत!"

मातीत दोघं अजून हात मिळवत होते.

पण मैदान माझ्या शब्दावर चालायचं. हलगीवाल्यानं विजयाचा ठेका धरला. विलासच्या गावची पोरं आत घुसली आणि त्याला खांद्यावर घेऊन नाचायला लागली. "अरं, मला सोडा, कुस्ती झाली न्हाई," असं तो वरून ओरडत होता. सोलापूरकर आपल्या पाठीला माती लागली आहे का, ते हात लावून बघत होता. त्याचे वस्ताद कमिटीच्या टेबलाकडं धावले. मी काही बोलायला गेलो आणि छातीतली हलगी एकदम बेताल झाली. डोळ्यांपुढं अंधारी आली. मी तसाच कुस्तीच्या हौद्याच्या काठावर मटकन खाली बसलो. माईक हातात, आणि चालू.

"दूध आणा! दाजींना दूध आणा!" तातोबा ओरडला. आमच्या भागात माणूस पडला की आधी दूध आणतात, मग डॉक्टर. कुणीतरी भरलेली चरवी घेऊन पळत आलं.

तेवढ्यात गर्दी फाकली. गच्चीवरून उतरून शालन आली होती. त्या मैदानात बाई कधी आली नव्हती, पण तिला अडवायचं कुणाला सुचलं नाही. ती माझ्याजवळ बसली, मनगट धरलं, कपाळाला हात लावला. घाम पुसायला रुमाल हवा म्हणून तिनं माझ्या बंडीच्या खिशात हात घातला आणि गोळ्यांचं पाकीट बाहेर आलं.

"ह्या माझ्या न्हाईत," ती म्हणाली. "माझी पन्नासची हाय. ही दोनशेची. कुणाची?"

मैदानाच्या चारी कोपऱ्यांतले कर्णे म्हणाले, 'कुणाची?'

मी पाकीट घ्यायला हात पुढं केला, तिनं ते मागं ओढलं.

"अवो, तुमास्नी थायरॉईड हाय?"

कर्ण्यांनी ते पार उसाच्या फडापर्यंत पोचवलं. हलगी थांबली. विलासला नाचवणारी पोरं थांबली.

"हळू बोल," मी म्हणालो. तेही कर्ण्यांनी पोचवलं.

"कवापासनं?"

"गेल्या जत्रेपासनं."

"आन घेता कुठं? मला कवा दिसला न्हाईसा."

"कट्ट्यावर."

"कट्ट्यावर पाणी कुठं असतंय?"

मी खाली मातीकडं बघितलं.

"दुधाबरोबर?" शालननं कपाळावर हात मारून घेतला. "वरीसभर दुधाबरोबर? अवो, दुधानं ती अंगाला लागतच न्हाई! ती लागंना म्हणून डॉक्टर वाढवत गेले, आन तुमी दूध सोडल्यावर ती सगळीच्या सगळी लागली. चार मानसांची भाकरी एकट्यानं खाल्ल्यावानी झालंय हे." मग ती मागं वळली. "तात्या, ती चरवी आधी लांब ने."

तातोबा चरवी घेऊन दोन पावलं मागं सरला. चार जिल्ह्यांत नाव असलेला सर्जेराव साळोखे, बायकांचं दुखणं लपवून फिरणारा, सासुरवाडीच्या हौद्याच्या काठावर बसला होता आणि आता हशा उसळायची वाट बघत होता. एका कोपऱ्यात कुणीतरी फिसकन हसलंही.

तोवर विलास डोंगळे पोरांच्या खांद्यावरून खाली उतरला. सहा फुटांचा गडी, अंगभर माती. तो येऊन शालनजवळ उकिडवा बसला. आवाज त्यानं अगदी बारीक केला होता, पण माईक बिचारा लहानमोठं बघत नाही.

"काकू," कर्णे म्हणाले, "दुधाबरोबर घ्यायची नसती?"

विलासच्या वस्तादांनी डोळे मिटून घेतले.

"न्हाई बाळा," शालन म्हणाली. "नुसत्या पाण्याबरोबर. आन दूध मागनं, तासभर तरी जाऊ दे."

"आन कॅल्शियमच्या गोळीसंगं?" गर्दीतून एक फेटेवाला ओरडला.

"तिच्यात चार तास ठेवा."

आता माझ्या डाव्या बाजूला कुणीतरी खाली बसल्याचं मला जाणवलं. तातोबा होता. चरवी अजून हातात. आंबेकुरणच्या जत्रा कमिटीच्या अध्यक्षानं आपल्या बहिणीच्या कानाशी तोंड नेलं.

"आक्का, चहाबरोबर चालती न्हवं?"

"तात्या," शालन म्हणाली, "तूबी?"

मला जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. वेशीपाशी जीप आली तेव्हा मागून कर्ण्यावर उमाजी सणगरचा आवाज आला. ती कुस्ती पुन्हा पहिल्यापासून लागत होती. त्यानं एक शेर म्हटला आणि लोक वाहवा म्हणाले. मी जीपच्या ताडपत्रीकडं तोंड केलं. शालननं माझा हात सोडला नाही.

दोन दिवसांनी तिनं मला मिरजेला नेलं. यावेळी कापड आणायचं सोंग नव्हतं. रक्त तपासलं. टीएसएच जवळजवळ शून्यावर आला होता, म्हणजे वस्तादानं हुकूम देणंच सोडलं होतं. आठल्ये मॅडमनी सगळी हकिगत ऐकून घेतली.

"मी पाण्याबरोबर म्हणाले होते," त्या म्हणाल्या.

"मॅडम, बंडाच्या दुधात पाणी नसतं."

"तेच तर. दुसऱ्या एखाद्या गवळ्याचं प्यायला असतात तर थोडी तरी लागू पडली असती." आणि त्या इतक्या हसल्या, की बाहेरची नर्स आत डोकावली.

माईकचं सांगायचं तर पुढच्या वर्षी तो मला परत मिळाला. जत्रेची सुपारी घेऊन तातोबा घरी आला, माझ्यासमोरून सरळ आत गेला आणि त्यानं शालनला विचारलं, "आक्का, दाजींची गोळी पाण्याबरोबर चाललीय न्हवं? मग माईक त्यांचाच." मोठमोठ्या पैलवानांना मैदानात उतरायला वस्ताद चिठ्ठी देतात. मला बायकोची लागते. विलास अजून फोन करतो. माझ्या फोनवर करतो आणि म्हणतो, "काकूंना द्या."

पण मला त्या मैदानापेक्षा एक सकाळ जास्त आठवते. मॅडमनी थोडे दिवस गोळी थांबवली होती आणि मग निम्म्याहून थोडी जास्त ठेवून पुन्हा सुरू केली. ती सुरू झाली त्या दिवशी मी उठून स्वयंपाकघरात गेलो. शालन खिडकीशी स्टुलावर बसली होती. माझ्यासाठी तिनं दुसरं स्टूल आधीच आणून ठेवलं होतं आणि त्यावर पाण्याचा तांब्या.

मी गोळी घेतली, पाणी प्यालो, बसलो. बाहेर अजून नीट उजाडलं नव्हतं. कुठंतरी नळाला पाणी आलं होतं. खाली रस्त्यावरून बंडाच्या म्हशी गळ्यातल्या घंटा वाजवत कट्ट्याकडं चालल्या होत्या आणि ती खिडकीतून त्यांच्याकडं बघत होती. रोज बघत असणार. मी त्यांच्याच मागोमाग कट्ट्यावर जाऊन तिच्यावर विनोद सांगत असायचो.

"धा वरसं एकटीच बसतोय हितं," ती म्हणाली. तक्रार नव्हती. नुसतं सांगितलं.

मी काहीतरी चांगलं, मोठं बोलावं म्हणून घसा साफ केला आणि तोंड उघडलं.

"पुकारू नका," शालन म्हणाली. "नुसतं बसा."